ऊन उतरेपर्यंत

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकातली, काळी, अंगभर ठिगळांची. निफाडच्या द्राक्षबागांतून मी पुष्कळ फिरले. शेवटी पंक्चर काढून काढून कंटाळलेल्या मालकांनी मला चाकातून काढलं आणि विहिरीत सोडलं. तिथं माझे खरे सुखाचे दिवस सुरू झाले. वस्तीवरची कितीतरी पोरं मला धरून पोहायला शिकली. मालकांचा हर्षलही त्यातलाच.

त्याची आई कुसाबाई काठावर टॉवेल घेऊन उभी असायची. ओरडायची पोरांवर, पण बघत राहायची माझ्याकडे. एकदा विहिरीवर कोणी नव्हतं, तेव्हा तिनं मला नुसता हात लावून पाहिला. तेवढंच.

पुढे हर्षल नोकरीसाठी नाशिकला आला, आईलाही घेऊन आला. त्यांच्या सामानातून मीही आले आणि माळ्यावर गेले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अंदमानला जायचं ठरलं, तेही अगदी स्वस्तात. कुसाबाई म्हणाली, "ती ट्यूब घ्या बरं का. मला एकदा बसायचंय तिच्यात."

"मग विहिरीत का नाही बसलीस कधी?" हर्षल हसला.

"सगळं गाव बघत व्हतं ना बाबा. अंदमानात मला कोण वळखतंय!"

सुनेनं, योगिनीनं, मला पावडर लावून घडी घातली. जहाजात सगळ्यात स्वस्त बंक मिळाले. कुसाबाईनं मलाच उशाला घेतलं.

"आई, रबराचा वास येत असेल."

"येऊ दे. तुझ्या नवऱ्याच्या लहानपणाचा वास हाय तो."

बेटावरची खोली पत्र्याची होती. पंखा होता, वीज नव्हती. दशम्यांना बुरशी आली, मग सगळे भात आणि नारळावर राहिले. कुसाबाईची तक्रार नव्हती. रोज विचारायची, "आज जायचं का?" पण कधी पाऊस, कधी दुसरी खोली शोधायची, कधी लांबवर चालत जाऊन काही बघायचं. आईचं काय, उद्या.

शेवटच्या दिवशी आभाळ मोकळं झालं. हर्षलनं मला सायकलच्या दुकानात नेऊन टम्म फुगवलं. कुसाबाई तयारच होती. योगिनी म्हणाली, "आत्ता ऊन फार आहे, आई. चहा घेऊन पाच वाजता जाऊ, ऊन उतरलं की."

नाशिकमध्ये हे बरोबर होतं. पण ते बेट पार पूर्वेला. तिथं नोव्हेंबरात पाचलाच सूर्य मावळतो. आधीचे दिवस ढगाळ होते, अंधार ढगांमुळेच लवकर पडतो असं सगळ्यांना वाटलं होतं.

आम्ही वाळूवर पोचलो आणि सूर्य गेला. किनाऱ्यावरच्या रखवालदारानं शिट्टी मारली. "माताजी, अब नहीं! अंधेरा हो गया."

"पाच मिनट, भाऊ," हर्षल गयावया करू लागला.

"नहीं मतलब नहीं."

कुसाबाईनं लुगडं खोचलं होतं. एक हात माझ्यावर होता, पाणी घोट्यापर्यंत. ती म्हणाली, "जाऊ दे रे. माणूस त्याचं काम करतोय. पाय भिजले ना माझे." सकाळी पहिल्याच बोटीनं निघायचं होतं.

हर्षलनं तिथंच माझी हवा सोडली. केवढा तो आवाज! कुसाबाई समुद्राकडे तोंड करून उभी राहिली, हवा संपेपर्यंत.

आता तिचे गुडघे धरलेत, जिना उतरणंही होत नाही. शेजारणींना मात्र सांगते, "लय मजा आली हो समिंदरात." तेव्हा योगिनी तिच्याकडे बघत नाही, उठून स्वयंपाकघरात जाते.

मी पुन्हा माळ्यावर आहे. घडीत अजून वाळू आहे थोडी. मित्रांनो, रबर नुसतं पडून राहिलं की तडकतं. मला अधूनमधून काढा, हवा भरा, एखाद्या पोराला पोहायला द्या. आणि तुमच्या घरात कधीच काही न मागणाऱ्या माणसानं एकदा काही मागितलं, तर त्याला उन्हातच घेऊन जा. डोक्यावर पदर घेईल ती.