‘कट’ झाल्यावरही जी उठली नाही

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. सुरतेच्या उधना भागात प्रवीणभाईंचं दुकान आहे. तिथे कुबड्या आणि कमरेचे पट्टे यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. लोक मला भाड्याने नेतात आणि गरज सरली की आणून सोडतात. माझ्या डाव्या हाताचं रेक्झिन फाटलंय. एकदा खाडीचं पाणी दुकानात शिरलं, तेव्हापासून अंगावर गंजाचे डाग आहेत. पण चालायला लागले की अजून कुणाला ऐकत नाही हं!

माझ्यावर बसलेला पहिला माणूस म्हणजे लोटू. कापडाच्या लूमवर काम करताना त्याने पाय मोडून घेतला होता. बरं होईपर्यंत त्याने मला मनसोक्त शिव्या घातल्या. मग प्लास्टर निघालं, लोटू उभा राहिला, घरात पेढे वाटले आणि मला दाराबाहेर काढलं. नंतर धुरपदाबाई आल्या, कमरेचं ऑपरेशन झालेल्या. येणारा-जाणारा त्यांना एकच विचारायचा, “आजी, कधी उठणार?” त्याही उठल्या. पुन्हा पेढे, पुन्हा मी दाराबाहेर. माझी पक्की समजूत झाली, की माणूस माझ्यावर बसतो तो उठण्यासाठीच. मी रिकामी झाले की माझं काम फत्ते. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. पेढा मात्र कुणी कधी दिला नाही.

पुढे मला सिनेमाची बोलावणी यायला लागली. हसू नका! सुरतेत खानदेशातली माणसं काय थोडी आहेत? त्यांच्यासाठी अहिराणी बोलीत गाणी निघतात, सिनेमे निघतात आणि गावोगाव मोबाईलवर बघितले जातात. आमचा वाल्मिक असे सिनेमे काढतो. एरवी तो लग्नांचं शूटिंग करतो. त्याच्या गोष्टीत कुणीतरी अपंग असायचंच आणि ते काम नेहमी धडधाकट नटाकडे जायचं. नट मन लावून करायचे, मी त्यांना नावं ठेवणार नाही. विकास नावाचा नट माझ्यावर बसून असा रडायचा, की चहावालासुद्धा डोळे पुसायचा. आणि वाल्मिक “कट!” म्हणाला रे म्हणाला, की हा पठ्ठ्या टुणकन उडी मारून चहाला पसार! मला वाटायचं, वा रे औषध! डॉक्टरांना महिने लागतात आणि हा वाल्मिक एका शब्दात माणूस उभा करतो.

मग वर्षा आली.

वर्षा सुरतेच्याच डिंडोली भागात राहते आणि घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. लहानपणी तापात तिचे पाय गेले. हाताने चालवायची तीनचाकी सायकल घेऊन ती सगळीकडे हिंडते आणि शेजारणींच्या नकला अशा करते, की जिची नक्कल तिनेच आधी हसावं. वाल्मिकच्या नव्या सिनेमात नायिका चाकांच्या खुर्चीतली आहे हे कळताच ती थेट त्याच्याकडे गेली. “हे काम माले दे,” म्हणाली. वाल्मिकला तिचं बोलणं भारी आवडलं, पण त्याने डोकं खाजवलं.

“बहीन, गोष्टना शेवटले कानबाईनी कृपा व्हस, आनि ती पोर खुर्चीवरथीन उठीसन नाचस. तू उभी कशी ऱ्हाशी?”

कानबाई म्हणजे श्रावणात खानदेशी घरांत बसणारी देवी. बसते थाटात, निघते वाजतगाजत.

वर्षा म्हणाली, “उठनं शेवटले शे ना? मंग तोवर तर मीच बसस की!”

यावर वाल्मिकने तोड काढली. बसायचं वर्षाने आणि उठायचं प्रियांकाने. प्रियांका गाण्यांतून नाचणारी गुणी मुलगी. दोघींना एकसारखी हिरवी साडी, एकसारखा अंबाडा. कॅमेरा पाठीमागून लावला की कुणाला काय कळतंय?

या युक्तीने सर्वांत जास्त आनंद झाला तो वर्षाच्या आईला, सरलाबाईंना. दर श्रावणात त्यांनी कानबाईकडे एकच मागणं मागितलं होतं. त्या म्हणाल्या, “पडदावर का व्हयेना, मन्ही पोर उभी तर दिसी.” वर्षा साडीवर खडे चिकटवत राहिली.

पहिल्या दिवशी वर्षा माझ्यावर बसली, जरा पुढे गेली आणि थांबली. माझं पुढचं छोटं चाक कित्येक दिवस अडत होतं. तिने मला आडवं करायला लावलं, पदराची सेफ्टी पिन काढली आणि चाकात गुंडाळलेला धाग्यांचा गुंता ओढून काढला. सुरतेत दुसरं काय अडकणार! अहाहा, काय मोकळं वाटलं म्हणून सांगू!

आणि काम काय केलं पोरीने! एका प्रसंगात चिडलेली नायिका घराबाहेर पडते. विकास अशा वेळी मुठी आपटायचा, ओरडायचा. वर्षाने तोंडातून शब्द काढला नाही. मला गर्रकन वळवलं, पाठीने दार ढकललं आणि उंबऱ्यावरून उलटी बाहेर पडली, तेही सिनेमातल्या आईकडे रोखून बघत. मी इतकी वर्षं सिनेमात आहे, पण माझ्याकडूनही अभिनय करून घेणारी हीच पहिली.

“कट!” वाल्मिक ओरडला. मी सवयीने हलकं व्हायची वाट पाहिली. ओझं काही उतरेना. बाई गं, माझं काही चुकलं की काय? तेवढ्यात वर्षाने चाकांना हात घातला आणि म्हणाली, “चाला, चहा!” मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मीसुद्धा चहाला गेले.

शेवटचा दिवस उजाडला. मैदानात कानबाईची मिरवणूक उभी केली होती. नारळाची कानबाई, तिला नथ, दागिने, लुगडं. डफ कडकडत होता. बायकांच्या घोळक्यात सरलाबाईही होत्या. देवी शूटिंगची होती, तरी त्या तिच्या पाया पडून आल्या. हिरव्या साडीतली प्रियांका तयारच होती.

“वर्षा, आते उतर. प्रियांका, बस,” वाल्मिक म्हणाला.

“मी उतरत नही, भाऊ.”

डफ थांबला. वाल्मिक काकुळतीला आला. शेवट असाच हवा, लोक टाळ्या वाजवतील, रडतील, तो समजावत राहिला. वर्षाने माझी चाकं घट्ट धरली होती. “आजलोंग हासनं-रडनं मन्हं. आनि आनंदना पाय दुसरीना?”

सरलाबाई पुढे आल्या. म्हणाल्या, “बेटा, एकडाव. मन्हाकरता.”

आता मात्र वर्षाची पकड सैल झाली. मला ते चाकांत जाणवलं. वाल्मिकला उत्तर देणं सोपं होतं, आईला देणं महाकठीण. ती हळूच म्हणाली, “माय, कानबाईनी माले बठेलच देखेल शे. तिले तशीच चालस. तुले नही चालस का?”

सरलाबाईंनी वळून देवीकडे पाहिलं. मग पदर कमरेला खोचला, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले.

“धर हात. फुगडी खेळूत.”

डफ असा कडाडला! मायलेकींनी हात धरले, सरलाबाई मागे झुकल्या आणि मी भिरभिरायला लागले. चाकात तो गुंता असता तर आम्ही दोघी तोंडावर आपटलो असतो. पण कुठलं काय, मी लाटेवर असल्यासारखी फिरत होते. वर्षा मान मागे टाकून खदखदा हसत होती. हिरव्या साडीतली प्रियांका टाळ्या वाजवत होती आणि डोळे पुसत होती. “कट! कट!” वाल्मिक ओरडला, पण ऐकतंय कोण? शेवटी सरलाबाईच लेकीच्या मांडीवर डोकं टेकून धापा टाकत म्हणाल्या, “थकी गऊ व बाई मी!”

सिनेमात तोच शेवट राहिला. पोर उठली का नाही म्हणून काहींनी कुरकुर केली, पण बायकांनी ती फुगडी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. वाल्मिकच्या पुढच्या सिनेमात वर्षा भांडकुदळ नणंद झाली आहे. ती नणंद खुर्चीत का बसते, याची गोष्टीत कुणी चौकशीही करत नाही.

मी पुन्हा दुकानाच्या कोपऱ्यात आले आहे. कधी कधी तो डफ आठवतो आणि करमत नाही. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी आली, तर चाकातले धागे काढा, दोन थेंब तेल सोडा. आणि तिच्यात कुणी बसलेलं दिसलं, तर कधी उठणार म्हणून विचारू नका. कुठे जायचंय, ते विचारा.