थांबलेल्या पाण्यातले मासे

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात कुमुदआत्या नळाखाली हात धरून उभी असायची, आणि लिंबाची साल कितीही घासली तरी तिच्या बोटांना चिकटलेला मासळीचा नि स्पिरिटचा संमिश्र गंध आमच्या शाकाहारी घरात मंदपणे दरवळत राहायचा. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. बाबांची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली, आम्ही तिथल्या बेहाला या उपनगरात बिऱ्हाड केलं, आणि शहरातल्या एका संशोधन संस्थेत आधीपासून काम करणारी त्यांची धाकटी बहीण आमच्याकडे राहायला आली.

रोहू माशाची मादी अंडी घालते ती पावसाळी नदीच्या वाहत्या पाण्यात. तळ्यात कोंडली की अंडी पोटात पिकतात, पण बाहेर येत नाहीत. मेंदूच्या तळाशी मोहरीएवढी ग्रंथी असते. तिच्यातलं संप्रेरक त्या अंड्यांना मोकळं करतं. ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढायचं, हा आत्याचा ध्यास. त्यासाठी ती भल्या सकाळी बाजारात, कोयत्यांच्या खणखणाटात आणि ओल्या फरशीच्या चकाकीत, कोळणींशेजारी उकिडवी बसे. बंगाली गिऱ्हाइकाला माशाचं डोकं जिवापाड प्रिय. कुणी संशयाने पाहिलं की ती हसून म्हणे, "डोकं तुमचंच. मला आतलं एवढंसं द्या." आणि चिमट्याच्या टोकावर तो फिकट कण अलगद उचलून कुपीत सोडी. त्या क्षणी तिचा श्वासही थांबलेला असे.

संस्थेच्या प्रमुखांना हा सारा खटाटोप हास्यास्पद वाटे. सस्तन प्राण्यांचं संप्रेरक परदेशातून तयार मिळतं, मग मासळीबाजार कशाला धुंडाळायचा? "माशाला माशाचंच लागतं," आत्या भर बैठकीत म्हणाली. त्यांनी तिला पावसाळा संपेपर्यंतची मुदत दिली.

त्याच उन्हाळ्यात वीज गेली ती दीड दिवस आलीच नाही. शीतपेटीत जपलेलं दोन वर्षांचं काम आंबून गेलं. आत्या घरी आली, भिंतीला टेकून जमिनीवर बसली. तिच्या चेहऱ्यावरची ती राखेसारखी अवकळा मी त्यापूर्वी कधी पाहिली नव्हती. बाबा जवळ बसत म्हणाले, "कुमुद, आता तरी सोड हे. कॉलेजात शिकव, सुखाने राहा."

 ती पदराने मान पुसून उठली. "दादा, वीज गेली. मासे कुठे गेलेत?"

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा बाजारात होती.

श्रावणात तिने प्रमुखांना थेट आमच्या घरामागच्या तळ्यावर बोलावलं. तळं घोषबाबूंचं, त्यांना या वेडाचं भारी कौतुक. पाण्यात बांबू रोवून कापडाचे दोन पिंजरे बांधले होते. आदल्या संध्याकाळी एकातल्या माद्यांना परदेशी औषध टोचलं होतं, दुसऱ्यातल्यांना आत्याने नव्याने काढलेलं. सकाळी आभाळ शिशासारखं जड होतं. पहिल्या पिंजऱ्यात मासे सुस्त फिरत होते. दुसऱ्याचं कापड आत्याने उचललं, आणि भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक, टपोरी अंडी राशीराशीने वर आली. एकेका अंड्यात उजेडाचा एकेक थेंब अडकला होता. घोषबाबूंनी आपसूक हात जोडले.

"नशीब चांगलं आहे तुमचं," प्रमुख रुमालाने चष्मा पुसत म्हणाले.

"मग पुढच्या आठवड्यात पुन्हा या. नशीब दर आठवड्याला येत नाही."

ते आले, आणि त्यांना तेच दिसलं. तिसऱ्या खेपेला आले तेव्हा सूर बदलला होता: शोधनिबंध लगेच लिहावा, नाव आधी त्यांचं असावं, खालोखाल तिचं, बढतीचंही पाहता येईल. मी कठड्याशी उभी होते. आत्याने ओले हात साडीला पुसले आणि शांतपणे म्हणाली, "बाजारात माझ्याबरोबर एक दिवस जरी बसला असतात, तरी विचार केला असता."

निबंध तिच्या एकटीच्या नावाने निघाला. बढती मिळाली नाही. संस्थेतली तिची खोली काढून घेतली, तेव्हा जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्यात तिने आपलं टेबल मांडलं आणि निवृत्तीपर्यंत तिथेच, कुणापुढे न वाकता, काम केलं. तिची पद्धत वापरून आसपासचे मत्स्यपालक आपापल्या तळ्यांत मासे वाढवू लागले. त्यातल्या बहुतेकांना तिचं नावही ठाऊक नव्हतं. त्याची तिला खंत नव्हती. खोली नेल्याचा राग मात्र तिने अखेरपर्यंत सोडला नाही, आणि सोडायला हवा होता असं मलाही कधी वाटलं नाही.

ती जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. काळाने तिचा चेहरा माझ्या मनात धूसर करत आणला आहे; पण अजूनही कुणी अधिकाराने म्हणालं की हे व्हायचं नाही, की मी ताडकन विचारते, "का नाही?" आणि विचारून झाल्यावर जाणवतं, तो आवाज माझा नव्हता.