केरीच्या वाटेवर मी कलले नाही

मित्रांनो, मी एक जुनी, लहानशी लाल मोटार आहे. लाल म्हणायचे ते सवयीने. टपावरचा रंग उन्हाने उडाला आहे, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा. माझे नाक आखूड, पाठीमागचे दार वर उघडणारे, आणि पोट एवढेसे असले तरी त्यात माणसे, नारळ, फणस, पाळण्याच्या दोऱ्या असे सगळे मावते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी गोव्यात आले ती म्हापशाच्या एका डॉक्टरांकडे. तेव्हा माझा काय तोरा होता! माझ्यासमोर नारळ फुटला, शेजारपाजारचे लोक माझ्या आरशात बघून भांग पाडून गेले. पुढे डॉक्टरांनी मोठी गाडी घेतली आणि मी चिंचेखाली उभी राहिले. चिमण्यांनी माझ्या बंपरमागे घरटे केले. कुणी मला हाक मारीत नव्हते.

तिथून मला सर्वणच्या कृष्णनाथने उचलले. तो जहाजावर नोकरीला. जाताना त्याने चावी बायकोच्या हातात ठेवली. ही सुमंगला. ती तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला जाई, आणि डिचोलीकडून पेडण्याकडे जाणारा तो सगळा वळणावळणांचा रस्ता मी तिच्याबरोबर शिकले. तिची जानकी तेव्हा अंगावर पिणारी. पाळण्यात निजेना, मांडीवर निजेना, पण माझ्या मागच्या सीटवर ठेवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या की मूठ सैल पडायची. इंजिन बंद केले तर जागी होईल म्हणून सुमंगला ते सुरूच ठेवी आणि स्टिअरिंगवर डोके टेकून स्वतःही डुलकी घेई. मित्रांनो, त्या वेळी मी माझी धडधड जेवढी हळू करता येईल तेवढी करीत असे.

पण माझ्यात एक खोड होती. वळणावर मी कलायची. रस्ता डावीकडे वळला की चाके डावीकडे जात आणि माझे वरचे अंग उजवीकडे झुके. उजवीकडची स्प्रिंग दबे, डावीकडची सैल पडे, आणि आतली माणसे एकमेकांच्या अंगावर. तरुणांना मजा वाटे. सुमंगलाच्या सासूला, यशोदाबाईंना, वाटत नसे. त्यांचे माहेर पेडण्यापलीकडच्या, समुद्रकाठच्या केरीचे. थोरली बहीण वत्सला तिथेच, गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलेली. गेल्या चतुर्थीला त्या माझ्यात बसून तिला भेटायला निघाल्या आणि अस्नोड्याच्या वळणावर त्यांना अशी उलटी झाली की तिथूनच परत फिरावे लागले. बसने जायचे तर ठिकठिकाणी उतरा, चढा, उभे राहा. पायांना ते झेपेना. बहिणीची भेट राहिली ती राहिलीच.

सासरे रघुनाथ खाणीवर ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या टपावर थाप मारून निकाल देऊन टाकला.

"ही गाडी न्हंय, होडी आसा," ते म्हणाले. "भंगारवाल्याक सांगतंय."

दुसऱ्या दिवशी सुमंगला मला घेऊन डिचोलीला शंभूच्या गॅरेजात गेली. शंभू तिच्या शाळेतला. त्याने माझ्याखाली आडवे होऊन टॉर्च फिरवला आणि बराच वेळ तिथूनच बोलत राहिला. म्हणाला, हिचे काही मेलेले नाही, सैल झाले आहे. आधी सांध्यांतले झिजलेले रबरी बुश आणि धक्के पेलणारे शॉकअप बदलायचे. ते न करता आधाराच्या नव्या दांड्या बसवल्या तर काही उपयोग नाही. मग मागच्या चाकांना एक स्वे बार, आणि पुढे बॉनेटखाली एक स्ट्रट बार.

मित्रांनो, ही नावे मलाही नवीच होती. स्वे बार म्हणजे यू अक्षरासारखी वाकवलेली पोलादी दांडी. तिचा मधला भाग माझ्या पोटाला धरलेला, दोन टोके दोन बाजूंच्या चाकांकडे. एक बाजू दबू लागली की दांडी पिळली जाते, आणि तो पीळ दुसऱ्या बाजूलाही धरून ठेवतो. मग कलायचे म्हटले तरी कलता येत नाही. स्ट्रट बार त्याहून साधा. पुढच्या दोन्ही शॉकअपची डोकी जोडणारी आडवी दांडी. म्हाताऱ्या गाडीचा पत्रा वळणावर जरा मुरडतो, ती मुरड ही दांडी थांबवते.

घरी कळल्यावर रघुनाथ हसले. म्हातारीला आता बांगड्या भरणार का, असे त्यांनी सुनेला विचारले. पण ती हसली नाही, तेव्हा तेही गंभीर झाले आणि त्यांनी अट घातली.

"दसऱ्याक हिका केरीक व्हर. यशोदा थंयसर हासत उतरली तर गाडी रवली. नाय तर दुसऱ्या दिसा भंगारवालो येतलो."

"व्हय बाबा," सुमंगला म्हणाली.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी माझे काम उरकले. काय सांगू, मला अंगात नवी हाडे भरल्यासारखे झाले! शंभूने स्ट्रट बारचे नट हातानेच बसवले. गाडी रात्रभर चार चाकांवर उभी राहून नीट बसू दे, सकाळी हिच्या घरी जाऊन पान्याने आवळतो, असे तो स्वतःशीच पुटपुटला. सुमंगला तेव्हा जानकीला घेऊन बाहेर उभी होती. तिने ते ऐकले नाही आणि मला घरी घेऊन आली.

आणि सकाळी काय झाले? तुम्ही आमच्याकडचे असाल तर ओळखलेच असेल. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारे, अवजारे, यंत्रे सगळी पुजली जातात आणि दसऱ्याच्या संध्याकाळी उत्तरपूजा होऊन पूजा हलेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. शंभू उठेपर्यंत त्याच्या आईने त्याचे सगळे पाने घासून, पुसून पाटावर मांडले होते. त्यांवर कुंकू, वर झेंडूची माळ. शंभूने विचार केला असणार, गाडीचीही आज पूजा, ती कुठे हलतेय? दसऱ्याच्या संध्याकाळी जाऊन आवळू. त्याला अट ठाऊक नव्हती. इकडे यशोदाबाईंनी मलाही माळ घातली, नव्या दांडीला कुंकवाचे बोट लावले आणि माझ्या डिकीतली अवजारांची पिशवी काढून तीही देवापुढे नेऊन ठेवली.

दसऱ्याच्या दुपारी यशोदाबाईंनी माझ्यावर अक्षता टाकून फक्त माझी पूजा वेळेआधी हलवली, आणि आम्ही निघालो. सुमंगला स्टिअरिंगवर, रघुनाथ शेजारी, मागे यशोदाबाई आणि त्यांच्या मांडीवर जानकी. यशोदाबाईंच्या एका हातात बहिणीला द्यायचे सोने, म्हणजे आपट्याची पाने. दुसऱ्या हातात अर्धे लिंबू आणि एक रिकामी पिशवी. अस्नोड्याचे वळण आले तसे त्यांनी लिंबू नाकाशी धरले आणि डोळे गच्च मिटले.

मी वळणात शिरले. मित्रांनो, मी शिरले आणि सरळ राहिले! खालची दांडी पिळली गेली, तिने माझी दुसरी बाजू धरून ठेवली, आणि रेघेवरून चालावे तशी मी वळणाबाहेर पडले. जानकीचा खुळखुळासुद्धा सीटवरून घरंगळला नाही.

"गेलां?" डोळे मिटलेल्याच यशोदाबाईंनी विचारले.

"काय, आई?"

"तां वळण."

"कधीच मागे गेलां."

त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. लिंबू पदराला पुसून पिशवीत टाकले. कोलवाळच्या पुलावर तर त्या जानकीला नदी दाखवू लागल्या. रघुनाथ समोर बघत होते. एका वळणावर त्यांचा हात सवयीने वरच्या कडीकडे गेला आणि काही न धरताच खाली आला. ते मी पाहिले.

आणि पेडण्याच्या बाजाराजवळ, रस्ता जिथे जरा उखडलेला आहे तिथे, माझ्या पुढच्या अंगातून आवाज आला. टक. मग परत टक-टक. सुमंगलाने मला कडेला घेतले आणि बॉनेट उघडले. स्ट्रट बारचा नट बोटाने फिरत होता. आवळायला काही हवे म्हणून तिने डिकी उघडली. पिशवी नव्हती. पिशवी घरी देवापुढे बसली होती.

मग सुरू झाली आमची वरात. पहिल्या गॅरेजात पाने पाटावर, वर माळ, मालक हात जोडून म्हणाला, संध्याकाळी या. पुढच्याला कुलूप. त्याच्या पुढे बाबलीचे गॅरेज. दार उघडे, बाबली दारातच, पण आत पाट आणि पाटावर तीच झेंडूची फुले.

रघुनाथ खाली उतरले. परतीचा विचार करावा म्हणाले, किंवा केरीला बसने जावे आणि गाडी इथेच सोडावी. उद्या भंगारवाला इथूनच उचलेल. हे त्यांनी रागाने म्हटले नाही, थकून म्हटले. म्हणूनच मला जास्त लागले. सुमंगला बॉनेटला धरून उभी राहिली. हरणार होते मी, आणि तेही बोटभर नटासाठी.

तेवढ्यात मागचे दार उघडले. यशोदाबाई जानकीला कडेवर घेऊन थेट बाबलीसमोर गेल्या.

"पुता, एक पानो दी."

"मावशे, आवशीन पुजलेलां हा. तिन्हीसांज जातासर हात लावूक मेळाचां नाय."

"आवस खंय आसा?"

"देवळात. तरंगां बघूक गेल्या."

बाबलीची आई दसऱ्याची तरंगे, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, बघायला देवळात गेली होती. यशोदाबाईंनी पाटाकडे पाहिले. मग जानकीला रघुनाथांच्या हातात दिले, चपला काढल्या, आत जाऊन ताम्हनातल्या अक्षता पान्यांवर टाकल्या आणि पाट एका हाताने जरासा हलवला. झाली उत्तरपूजा.

"देवा, हां आयुध कामाक काडतंय," त्या म्हणाल्या. मग बाबलीकडे वळल्या. "आवशीक सांग, केरीची यशोदा येवन गेली. रागावली तर माझ्यार रागाव म्हणान. माजी भैण वाट बघता."

बाबलीने हात काही लावला नाही. यशोदाबाईंनीच माळेखालून पाना उचलला आणि सुनेच्या हातात ठेवला.

सुमंगला माझ्यावर वाकली. बाबलीचे हात बांधलेले होते, पण जीभ मोकळी होती. "वयनी, दोनय बाजू आळीपाळीन. एकीक एकदम आवळू नाका. आता हेका, आता तेका. हां, बस." शेवटचा नट बसला तेव्हा मला जाणवले, दांडी आता नुसती टेकलेली नाही, तिने मला खरेच धरले आहे. एक पाकळी नटाला चिकटून राहिली होती. ती तशीच राहू दिली कुणीतरी.

पेडण्यापुढची वळणे आम्ही कशी घेतली म्हणून सांगू! चढ, उतार, डावे, उजवे, काजूची झाडे, मग एकदम समोर निळे पाणी. मी जुनी आहे हे मला आठवतच नव्हते. यशोदाबाई पुढच्या दोन सीटांच्या मधून डोके काढून विचारीत होत्या, अजून एक वळण आहे का.

केरीला त्या हसतच उतरल्या. नुसत्या उतरल्या असत्या तरी चालले असते. पण त्यांनी बहिणीच्या हातावर सोने ठेवले, दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि डोळे पुसून त्या म्हणाल्या, "चल, तुका गाडयेत घालून सोमतां तेरेखोलच्या वाटेर व्हरतंय." वत्सलामावशींना उचलून मागच्या सीटवर बसवले ते रघुनाथांनी. दोन बहिणी खिडकीतून समुद्र बघत गेल्या. वळण आले की एकमेकींचा हात धरीत होत्या, पण तोल जातो म्हणून नव्हे.

परतताना रघुनाथांनी खिडकीतून हात काढून माझ्या टपावर थाप मारली. मग म्हणाले, "फुडल्या वर्साक हिका रंग काडूक होयो."

तर मित्रांनो, तुमच्या अंगणातही माझ्यासारखी एखादी उभी असेल, गाडी नसेल तर शिवणयंत्र असेल, सायकल असेल. कुरकुरते म्हणून तिला लगेच घालवू नका. एकदा खाली वाकून बघा. काय सैल झाले आहे, काय झिजले आहे, कुठे नुसता आधार हवा आहे. सांभाळणारा हात मिळाला की आम्ही अजून खूप वर्षे तुमच्या कामी येऊ. जास्त सांगितले असते, पण वेळ नाही. आज रविवार, केरीला जायचे आहे. सुमंगला अजून जानकीची इवलीशी वेणी घालते आहे आणि यशोदाबाई कधीच्या पुढच्या सीटवर बसून हॉर्न वाजवताहेत.