अंगावर काढलेला ताप

आजारी असूनही कामावर येणाऱ्या माणसाचं कौतुक करायची आपल्याला भारी हौस! "अंगात ताप आहे, तरी आला बघा पठ्ठ्या!" असं आपण अभिमानाने सांगतो. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

एका वर्कशॉपमध्ये दातांच्या कवळ्या बनत. मेण वितळवायचे स्पिरिटचे दिवे वाऱ्याने विझू नयेत म्हणून खिडक्या कायम बंद. मालकांना सगळे दादा म्हणत. दादांनी कधी रजा घेतली नव्हती आणि हे ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. "यमालाही सांगून ठेवलंय, मला सवड नाही!" कामगार हसत. मालकाच्या विनोदाला हसावंच लागतं.

एके सकाळी दादा आले ते खोकतच. अंगात ताप, डोळे लाल, नाक गळतंय. थेट ताईच्या टेबलावर वाकून ते तिची कवळी न्याहाळू लागले. ताई तिथली सगळ्यात हुशार कारागीर. मेणाच्या हिरडीत दात असे बसवायची की ते अस्सल वाटावेत.

"दादा, जरा लांबून बघा ना," ती म्हणाली. "खरं तर घरीच जा. मला एमएस आहे, सांगितलं होतं मी तुम्हाला. मला संसर्ग झाला तर त्याचा अटॅक येऊ शकतो."

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटते आणि मेंदूतल्या, पाठीच्या कण्यातल्या नसांचं आवरण कुरतडते, वायरवरचं प्लास्टिक सोलावं तसं. असा अटॅक आला की कधी हात बधिर होतो, कधी दिसायला अंधुक होतं, कधी पाय लटपटतात. मधल्या काळात मात्र माणूस ठणठणीत दिसू शकतो, आणि तिथेच घात होतो. ठणठणीत दिसणाऱ्याचं दुखणं कोण खरं मानणार?

"अगं, साधी सर्दी आहे! सर्दीने कुणी मेलंय का?" दादा म्हणाले. "फारच नाजूक बुवा तुम्ही आजकालची माणसं."

"मग मी थोडे दिवस घरी थांबू का?"

"आणि ही कवळी कोण करणार, मी? तिकडे माणूस तोंड मिटून बसलाय!"

सगळे हसले. ताई हसली नाही. तोंडाला रुमाल बांधून ती कामाला लागली. या कामावर तिचा जीव होता, आणि ते हातचं जाईल असा धाकही होता.

थोड्याच दिवसांत ती तापाने फणफणली. ताप उतरल्यावर कामावर आली, तर हातातली मेण कोरायची सुरी खाली पडली. उचलली, पुन्हा पडली.

"दादा, मला बोटं कळत नाहीयेत!"

"ताप उतरला ना? दिसतेस तर ठणठणीत," दादा वैतागले. "काम नको असेल तर सरळ सांगावं. ही नाटकं कशाला?"

ताई काही बोलणार, तोच जळका वास आला. तिचं बोट दिव्याच्या ज्योतीत होतं आणि तिला पत्ताच नव्हता! दादांनीच झडप घालून तिचा हात ओढला.

ताईला दवाखान्यात नेलं, औषधाच्या बाटल्या चढवल्या. ती घरी आल्यावर दादा फळं घेऊन भेटायला गेले. तिच्या सासूबाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"खोकला गेला का?"

"थोडा आहे अजून..."

"मग तिथूनच बोला."

"आजी, मी तर ताप अंगावर काढत होतो, मला काय ठाऊक..."

"तुम्ही अंगावर काढलात, पण निघाला तो माझ्या सुनेच्या अंगावर!" म्हातारी कडाडली. "उन्हाने, गरम पाण्याने तिचे हातपाय जड होतात, पण अंग गार झालं की पुन्हा ताळ्यावर येतात. संसर्गाचं तसं नाही. त्याने नवा अटॅक येऊ शकतो, डॉक्टरांनी बजावलं होतं. तेच ती तुम्हाला सांगत होती. तुमच्यामुळेच झालं, असं शपथेवर कुणी सांगणार नाही. पण तुम्ही घरी बसला असतात, तर निदान हा प्रश्न तरी उरला नसता!"

दादांनी हळूच विचारलं, "हात येईल ना हो तिचा?"

"येईल म्हणतात. किती येईल, ते कुणालाच माहीत नाही."

फळांची पिशवी दाराशी ठेवून दादा जिना उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वर्कशॉपमध्ये फोन केला, "मी बरा होईपर्यंत येणार नाही. तुमच्यापैकी कुणाला ताप, खोकला असेल तर त्यानेही यायचं नाही. पगार कापणार नाही. आणि त्या खिडक्या उघडा आधी! दिव्यांना आडोसा करू."

काही महिन्यांनी ताई परतली. हात बराचसा आला होता. अंगठा मात्र बधिरच राहिला. मेण किती मऊ आहे हे पूर्वी तिला चाचपून कळायचं, आता डोळे ताणून बघावं लागत होतं. दादा तिच्या टेबलापासून लांब उभे राहिले.

"ताई, चुकलो मी. मला माफ कर."

"केलं माफ, दादा," ती म्हणाली. "पण माफीने अंगठ्याला कळायला लागत नाही ना!"

मंडळी, शेजारच्या टेबलावरचा माणूस आतून कशाशी झुंजतोय, हे आपल्याला दिसत नाही. त्याने सांगितलं तर विश्वास ठेवा. ताप आला की घरी बसा, आणि घरी बसलेल्याला कामचुकार म्हणू नका.