बाणाखालचं गाव

आमच्या आईला रणगाड्यांचे प्रकार तोंडपाठ होते. तिच्या वयाच्या बायका गुडघेदुखीवर बोलतात, ही नदीवरच्या पुलांवर बोलायची. वाचनालयातला माणूस तिला ‘सेनापती’ म्हणायचा आणि ती आत शिरली की खुर्चीतून उठून सलाम ठोकायचा. तिला त्याचा तो चहाटळपणा मुळीच आवडायचा नाही, पण नवं पुस्तक आलं की तो आधी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा, म्हणून ती खपवून घ्यायची.

पुस्तकं सगळी एकाच चढाईवरची. शेजारच्या देशाचं सैन्य एका पहाटे नदी ओलांडून आमच्याकडे घुसलं, त्या चढाईवरची. तेव्हा आई लहान मुलगी होती. दर दोन-चार वर्षांनी त्या चढाईवर एक जाडजूड पुस्तक निघतं आणि धडाक्यात खपतं. त्यात सेनापतींची भांडणं असतात, धुकं असतं, चुकलेले हुकूम असतात आणि शेवटी चवीपुरते अश्रू. आई पुस्तक सुरुवातीपासून कधी उघडायचीच नाही. आधी नकाशा. भिंग घेऊन नदीवरून खाली यायची, फाट्याशी वळायची आणि थांबायची. मग पुस्तक मिटून म्हणायची, “याही गाढवाने झाकलं.”

झाकलं ते तिचं गाव. युद्धानंतर ते पुन्हा वसलंच नाही, त्यामुळे आजच्या नकाशांत ते नाही. आणि चढाईच्या नकाशांत असायला हवं, तर नेमका त्याच्यावरूनच सैन्याचा जाड काळा बाण जातो. एवढी पुस्तकं वाचली, पण आपल्या गावाचं नाव छापलेलं तिने एकदाही पाहिलं नव्हतं. शेजारणी विचारायच्या, “माहेर कुठलं हो तुमचं?” आई नाव सांगायची, आणि समोरची बाई “असं का” म्हणून दुसरा विषय काढायची.

त्या गाढवांच्या कळपातलीच मी एक. एका प्रकाशकाकडे नकाशे काढते. बाणाखाली येणारी नावं काढून टाकायची, हा आमच्या धंद्याचा रिवाज. शहराचं नाव सरकवून कुठेतरी बसवतात, खेड्याचं उडवतात. काळ्या बाणावर पांढरी अक्षरं टाकावीत, तर इतक्या बारीक छपाईत शाई भरते आणि नुसता डाग उमटतो. आईच्या गावाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला तुकड्यांच्या आकड्यांची ही गर्दी. नाव सरकवायचं म्हटलं तरी जागा नाही. हे मी तिला किती वेळा समजावलं असेल! ती म्हणायची, “तुझं शिक्षण काय चुलीत घालायचंय?”

यंदा आमच्याच प्रकाशकाने त्या चढाईवरचं नवं पुस्तक काढायला घेतलं आणि नकाशे माझ्याकडे आले. त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आईचं समोरचं दिसणं झपाट्याने जातंय. कडेकडेचं राहील, वाचन मात्र फार तर महिन्या-दोन महिन्यांचं. म्हणजे तिला दिसेल असं हे शेवटचंच पुस्तक. आता नाही तर कधीच नाही, हे मला घरी पोचेपर्यंत पक्कं कळलं होतं.

आमच्या संपादकांना आम्ही आपसात ‘ठळक’ म्हणतो, कारण त्यांना सगळंच ठळक लागतं. “बाण कसा हवा? वाचकाला धडकी भरली पाहिजे!” बाण बारीक करू म्हटलं असतं तर त्यांनी मलाच बारीक केलं असतं. मग मी एक युक्ती केली. जाडी तीच ठेवली, पण गावाजवळ बाणाला किंचित बाक दिला आणि तो नदीच्या काठाकाठाने नेला. बाण नदीवर चढला तर कुणाचं काही बिघडत नाही. जागा झाली, आणि तिथे मी आईच्या गावाचं नाव बसवलं. ठळक म्हणाले, “वा, वळण झोकदार आहे.” लेखकाने कळवलं, नकाशे उत्तम. मला आभाळ ठेंगणं झालं.

रविवारी सकाळी कच्ची छपाई घेऊन आईकडे गेले. खिडकीपाशी टेबल ओढलं, कागद पसरला आणि म्हटलं, “बघ, काय आणलंय.”

तिचं भिंग नेहमीच्या वाटेने निघालं. नदी, फाटा, आणि थांबलं. तिने एकेक अक्षर लावत नाव वाचलं. मग मोठ्याने वाचलं. “आमचं गाव गं!” म्हणाली आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा वाचलं. माझाही ऊर भरून आला. वाटलं, जन्माला येऊन एक काम तरी धड केलं.

मग भिंग जरा बाजूला सरकलं.

“हा बाण कुठून नेलास?”

“काठाने.”

“काठाने रस्ता नव्हता. चिखल होता नुसता. गुरंसुद्धा रुतायची तिथे.”

“अगं, केसाएवढा फरक आहे. नाव दिसावं म्हणून केलाय.”

“म्हणजे ते गावात आलेच नाहीत?”

माझं डोकं फिरलं. “कमाल आहे तुझी! आयुष्यभर नाव नाव करत बसलीस, आता नाव मिळालं तर बाणात खोट काढतेस?”

एरवी तिने तसंच फटकारलं असतं. आज नाही. भिंग खाली ठेवून ती खिडकीकडे बघत राहिली. तिची थोरली बहीण त्या चढाईत गेली, एवढंच मला माहीत होतं. मी आपलं गृहीत धरलं होतं, गोळी लागली असेल.

“गल्ली अशी अरुंद,” आई म्हणाली. “गाडी आली की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि वाट द्यायची. चालायला लागल्यापासूनची सवय. ते आले तेव्हा मी आमच्या दारात होते आणि ताई समोरच्या अंगाला. तिने भिंतीला पाठ लावली, पोट आत घेतलं. मला हाताने खुणावलं, तू आतच थांब म्हणून. रणगाडा बैलगाडीपेक्षा रुंद असतो, हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? कुणी गोळी झाडली नाही, कुणी ओरडलं नाही. वरचा माणूस खाली बघतसुद्धा नव्हता गं. भिंत घासत गेला तो. भिंत तिच्या अंगावर आली. मग त्याच्या मागचा आला, मग त्याच्या मागचा.”

मघाचं बोलणं जिभेवर निखाऱ्यासारखं लागत होतं.

“पुस्तकांत लिहितात ना, वाटेत विरोध झाला नाही म्हणून. खरंच आहे ते. ताईने वाटच दिली होती त्यांना.” तिने नकाशावर हात ठेवला. “तू त्यांना काठाने घालवलंस. मग ताई कशाने गेली? पडकी भिंत अंगावर घेतलेली वेंधळी पोर होती का ती?”

“सरळ केला तर नाव जाईल, आई. आणि पुढच्या पुस्तकापर्यंत तुला...”

“दिसणार नाही. ठाऊक आहे मला. डॉक्टरीण तुझ्या कानात सांगते तेव्हा माझे कान काय झोपलेले असतात?” मग आवाज उतरला. “नावावरूनच गेले ते. तसंच दाखव.”

तिने पुन्हा भिंग घेतलं आणि ते नाव बघत बसली. बराच वेळ बसली. शेवटी तिनेच कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

सोमवारी कामावर जाऊन मी बाण सरळ केला. नाव उडवायला एक बोट पुरतं. पण ते उठेना, आणि उठलं तेव्हा रडू आवरलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईने पाण्याचा पेला आणून ठेवला आणि काही न विचारता निघून गेली.

दुपारी ठळक येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

“हां, आता कसा! सुसाट गेल्यासारखा वाटतो. मधे काही आलंच नाही जणू.”

“मधे माझी मावशी होती,” मी म्हटलं.