कर्नलची कॉलर

सिनेमाच्या कपड्यांचा मी शिंपी. तीस वर्षांत राजे, चोर, भिकारी सगळे शिवले, पण या कर्नलचा कोट हातात घेतला की डोकंच फिरायचं. लढाईत याच माणसानं माझ्या मामाला शाळेच्या भिंतीशी उभं करून गोळी घातली. आणि आमचे दिग्दर्शक म्हणे त्यालाही माणूस म्हणून दाखवणार. माणूस म्हणे!

म्हणून मी मुद्दाम कॉलर अर्धा इंच आवळून शिवली. घातली की मान ताठ, नटाला खाली बघताच येऊ नये. दिसू दे मेला खांबासारखा.

दिग्दर्शकांनी माझ्या आईला आमच्या शिवणखोलीत बोलावलं होतं. बारा वर्षांची असताना ती त्याच कर्नलच्या घरी भांडी घासायची. घरी तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. मला वाटलं, आता यांना चांगलं ऐकवेल.

नट कोट घालून समोर आला. आई खुर्चीत बसून त्याला न्याहाळत राहिली.

“कॉलर चुकलीय रे,” ती मला म्हणाली. “त्याची मान वाकायची.”

“साठ वर्षं झाली, आई. तुला काय आठवणार?”

“माझ्या बुटांच्या नाड्या सारख्या सुटायच्या. तो खाली बसून बांधून द्यायचा. दुहेरी गाठ. पडशील पोरी, म्हणायचा.”

दिग्दर्शक वहीत लिहायला लागले. ती वही टराटरा फाडावीशी वाटली मला.

“पुरे आता, आई.”

“त्या दिवशी सकाळीही बांधल्या. दादाला शाळेत कोंडलंय, हे मला ठाऊक होतं. नाडी बांधताना याचं डोकं माझ्या हाताशी होतं, इथं. त्याला सोडा म्हणायला काय लागत होतं? पण म्हटलं नाही मी.”

“घाबरली असशील.”

“सगळ्यांना तेच सांगितलं मी. भीती नव्हती रे वाटत त्याची. इतका चांगला माणूस, संध्याकाळपर्यंत सोडेलच, असं वाटलं.”

दिग्दर्शकांनी वही मिटली. मला लहानपणी हट्ट करूनही नाडीचे बूट कधी मिळाले नाहीत. आईनं नेहमी बक्कलचेच आणले.

“सैल कर ती,” आई म्हणाली.

मी नटाच्या अंगावरच टाके उसवायला घेतले. त्यानं मान खाली वाकवली, तशी आईनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.