सीझनच्या रिकाम्या शनिवारांची चौकशी

तिसऱ्या शनिवारचं गिऱ्हाईकही "विचार करून कळवतो" म्हणालं आणि परत फिरकलंच नाही, तेव्हा मालकीणबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मालकीणबाई हे त्यांना लोकांनीच दिलेलं नाव. एक गाडी, तिच्यातून उतरवता येणारा घडीचा काउंटर, चार बर्फपेट्या आणि ग्लासांचे क्रेट, एवढ्यावर नवरा-बायकोचा फिरत्या बारचा धंदा चालला होता. लग्न असो, वाढदिवस असो की कचेरीतली निरोपाची पार्टी, हे तिथे जाऊन काउंटर मांडत. पेयं बनवायची आणि गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे नवऱ्याने, त्याला सगळे उस्ताद म्हणत. दर ठरवायचा बाईंनी, आणि त्यात कुणाची ढवळाढवळ चालत नसे. लग्नसराईच्या चार महिन्यांत दीडपट, शनिवार असला की त्यावर आणखी थोडं. उरलेल्या महिन्यांत धंदा थंड असायचा, मग दर निम्म्यावर आणून जे येईल ते घ्यायचं.

या वर्षी मात्र वही उलटीच भरत होती. एरवी ज्या महिन्यांत माश्या मारत बसावं लागे, त्या महिन्यांच्या तारखा पटापट जात होत्या. सीझनचे पाच शनिवार मात्र कोरे. दर तर गेल्या वर्षीचाच होता. बाईंनी वही दोनदा चाळली, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग एकेक गोष्ट टोचायला लागली. उस्ताद हल्ली फोन आला की गॅलरीत जाऊन बोलत. दर मंगळवारी नि शुक्रवारी दुपारी "बर्फवाल्याकडे जाऊन येतो" म्हणून निघत. बर्फवाला स्वतःच एकदा भेटला तेव्हा बाईंनी सहज विचारलं, तर तो म्हणाला, "उस्ताद? दोन महिने झाले बघा, तोंड दिसलं नाही त्यांचं."

बाई तडक घरी आल्या. त्यांनी धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं.

"तू तुझ्या नव्या नंबरवरून फोन लाव त्यांना. गिऱ्हाईक म्हणून. दीडशे पाहुणे, सीझनमधला शनिवार."

"ताई, भावजींना माझा आवाज कळेल गं."

"वर्षातून दोनदा बोलतेस त्यांच्याशी. आवाज जरा नाकातून काढ."

उस्ताद बाहेर गेल्यावर बहिणीने फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून उस्ताद अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, सीझनमध्ये आमचा दर ऐकून तुम्हाला घाम फुटेल. तीन महिने थांबा, निम्म्यात करून देतो. थांबणं जमत नसेल तर निळ्या गाडीवाल्याचा नंबर देतो. माझ्याच हाताखाली तयार झालाय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निळ्या गाडीवाला! चार वर्षं यांच्याकडे राबला आणि एक दिवस स्वतःची गाडी काढून समोर उभा राहिला, तो. त्याच्या घरात आता आपला नवराच गिऱ्हाईक पोचवतोय!

"ताई, आधी विचार तरी त्यांना," बहीण म्हणाली.

"विचारलं की सावध होतील. आधी बघते."

शुक्रवारी उस्ताद निघाले तशा बाई अंतर ठेवून मागे निघाल्या. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचा पाठलाग करायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे एका वळणावर त्या स्वतःच गोंधळून उलट्या बाजूला गेल्या आणि धावत परत आल्या. उस्ताद एका जुनाट इमारतीत शिरले. तळाला झेरॉक्सचं दुकान, वर दाताचा डॉक्टर, त्याच्याही वर काचेचं दार. बाई धापा टाकत वर पोचल्या आणि काचेला डोळा लावला.

आत एका टेबलाशी उस्ताद बसले होते. समोर मुलीच्या वयाची फिजिओथेरपिस्ट. टेबलावर पाण्याने अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली.

"आणखी एकदा, काका. घाई नको."

उस्तादांनी उजव्या हाताने बाटली धरली. वीतभर उचलली. मग बोटं आपोआप सैल पडली आणि बाटली आडवी झाली. ज्या हाताने ते एका वेळी दोन शेकर खुळखुळवत, तो हात.

बाईंनी दार ढकललं. उस्तादांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

जिन्यात, दाताच्या डॉक्टरच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं. "गेला सीझन संपताना दोन बोटं बधिर झाली. नस दबलीय. आठवड्याला एक कार्यक्रम झेपेल म्हणतात. सीझनमध्ये आपले चार असतात."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"तू दीडपट लावतेस ती 'उस्तादांच्या हातची' म्हणून. हातच राहिला नाही म्हटल्यावर तू काय लावणार होतीस?"

बाईंची शंका अजून शमली नव्हती. "निळ्या गाडीवाल्याकडून काय मिळतं?"

"दहावा हिस्सा. इथली फी त्यातूनच भागते."

त्यांना जिन्यात बसवून बाई पुन्हा वर गेल्या आणि हे सगळं खरं का, असं त्या मुलीला तोंडावर विचारून आल्या. खरं होतं. दुसऱ्या दिवशी निळ्या गाडीवाल्याला गाठलं. तो खुर्चीतून उठून उभाच राहिला. "काकू, दहावा हिस्सा ठरला होता. उस्तादांनी जास्त कधी मागितलं नाही. तुम्हाला माहीत असेल असंच मला वाटलं."

दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना बाई म्हणाल्या, "मी त्याच्याकडे जाऊन आले. हिस्सा पडताळला."

"जाणार हे ठाऊक होतं," उस्ताद म्हणाले. "चिडलीस?"

"चिडले. हाताबद्दल लपवलंत म्हणून जास्त."

मग दोघं वही घेऊन बसले. सीझनमध्ये आठवड्याला एकच कार्यक्रम, तोही दुप्पट दराने. "पटत नसेल त्याने खुशाल दुसरीकडे जावं," बाई म्हणाल्या. बाकीची गिऱ्हाइकं निळ्या गाडीला, पण उघडपणे आणि सहाव्या हिश्श्यावर. निळ्या गाडीवाल्याने कुरकुर केली, पण मानलं.

पहिल्या शनिवारी दुपारी एका बागेत काउंटर मांडला. मापं उस्तादांनी ओतली, डाव्या हाताने, सावकाश. शेकर बाईंनी घेतला. पहिल्याच फेरीला झाकण निसटलं आणि संत्र्याचा रस थेट नवरदेवाच्या मामाच्या कोटावर. मामा आधी दचकले, मग हसून म्हणाले, "दुप्पट दरात हेही येतं वाटतं?"

"मनगटातून, अगं, खांद्यातून नाही," उस्ताद हळूच म्हणाले.

बाईंनी झाकण घट्ट दाबलं आणि पुन्हा सुरू केलं.